गर्भिणी, स्टेरॉइड आणि पुनरावृत्तीचा प्रश्न

अकाली प्रसूतीची भीती असलेल्या गर्भिणीस डेक्सामेथासोन देण्याची पद्धत वैद्यबंधूंना विदित आहेच. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भिणीस ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा असा क्रम दिला आहे. वाद आहे तो हा क्रम वारंवार देण्याविषयी.

मूळ शोध मेंढीवरचा. १९६९ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स यांना आढळले की, डेक्सामेथासोनच्या प्रभावाने फार लवकर जन्मलेली कोकरेही काही काळ श्वास घेऊ शकतात. १९७२ मध्ये त्यांनी हाउई यांच्यासह गर्भिणींवरील चाचणी प्रसिद्ध केली. पुढे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांना बीटामेथासोन पुन्हा पुन्हा दिले गेले. फुप्फुसे अधिक पक्व झाली, परंतु मात्रा वाढल्या तसे कोकरांचे जन्मवजन घटत गेले. मेंदूचे वजनही कमी भरले, दृष्टिनाडीवरील मायलिनचे आवरण उशिरा तयार झाले. त्यापूर्वी १९९० मध्ये ऱ्हीसस माकडांच्या गर्भात हिप्पोकॅम्पस या मेंदूभागातील पेशींचा ऱ्हास दिसला होता; एकूण औषध तेवढेच असूनही विभागून दिलेल्या मात्रांनी हानी अधिक झाली.

कारण समजण्यासारखे आहे. गर्भातील कॉर्टिसॉल स्वभावतः प्रसूतीच्या सुमारास वाढते आणि धातूंना वृद्धीकडून परिपाकाकडे वळवते. तोवर अपरेतील एक विकर मातेचे बहुतांश कॉर्टिसॉल निष्क्रिय करते. प्रेडनिसोलोनही बरेचसे तेथेच अडते. डेक्सामेथासोन व बीटामेथासोन मात्र पार जातात. वृद्धी संपण्याआधीच पाक, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल. अर्थात ही तुलना ताणू नये.

मनुष्यातही २००८ च्या बहुराष्ट्रीय चाचणीत दर १४ दिवसांनी क्रम दिल्याने लाभ वाढला नाही, वजन व डोक्याचा घेर मात्र घटला. इतर चाचण्यांत श्वसनकष्ट कमी झाल्याचेही दिसले. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून, सात दिवस उलटून प्रसूती पुन्हा समीप असेल तरच, एकच पुनःक्रम सुचवते. निदान अनिश्चित असताना पहिला क्रमही निर्धोक नव्हे. बेळगाव व नागपूर ही केंद्रे असलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खेड्यापाड्यांत याचा वापर वाढवल्यावर नवजात मृत्यू घटले नाहीत, उलट किंचित वाढले. २०२० च्या रुग्णालयीन चाचणीत, सोनोग्राफीने गर्भवय ठरवून दिल्यावर, तेच औषध जीवरक्षक ठरले.

आपल्याकडे अडचण निराळीच आहे. किनवटहून नांदेडला वा उदगीरहून लातूरला पाठवलेली गर्भिणी वाटेत दोन-तीन दवाखाने पाहते. कळा थांबतात, ती घरी जाते, पंधरवड्याने पुन्हा येते. आधीची मात्रा कोठेच लिहिलेली नसते. यास्तव सुई देणाऱ्याने औषधाचे नाव, मात्रा, तारीख व वेळ माता-बाल संरक्षण कार्डावर स्वहस्ते लिहावी. औषध विक्रेत्यांनी जुन्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन देऊ नये. आणि गर्भिणीच्या खोकल्याला, अंगदुखीला ‘एक सुई’ म्हणून ते टोचणे तर सर्वथा बंद व्हावे. दम्याच्या गर्भिणीने मात्र चालू औषध भीतीपोटी एकदम सोडू नये. तिला तिच्या तज्ज्ञांकडेच पाठवावे.