जुनी खुर्ची भंगारात देताय? आधी हे वाचा!

करमाळ्यात आलेल्या पाहुण्याने ‘गावात जुनं काय आहे?’ असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं. कमलाभवानीचं मंदिर, ९६ पायऱ्यांची विहीर, भुईकोट किल्ला. घरातली जुनी खुर्ची मात्र कोणी दाखवत नाही. ती माळ्यावर असते, नाहीतर परसात एक पाय मोडून पडलेली असते. एक दिवस दारात भंगारवाला येतो, तिचं वजन होतं आणि विषय संपतो.

हे फक्त करमाळ्यात होतं असं नाही, गावोगाव हेच चालतं. पण अशीच एक खुर्ची थेट इंग्लंडला पोहोचली होती, आठवतंय का?

सावळज ते मँचेस्टर

२०२१ सालची गोष्ट. क्रीडा पत्रकार सुनंदन लेले इंग्लंडमध्ये होते. मँचेस्टरजवळच्या एका रेस्टॉरंटबाहेर त्यांना एक लोखंडी खुर्ची दिसली. तिच्या पाठीवर चक्क मराठीत नाव रंगवलेलं होतं आणि गाव होतं सावळज! हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं गाव. लेल्यांचा व्हिडीओ बघता बघता व्हायरल झाला.

शोध घेतल्यावर कळलं की ते नाव गावातल्या एका मंडपवाल्याचं होतं. त्याने साधारण १५ वर्षांपूर्वी त्या वजनदार खुर्च्या किलोच्या भावाने भंगारात विकल्या होत्या. आपण ज्याला भंगार म्हटलं, त्याची तिकडे हॉटेलच्या शोभेची वस्तू झाली होती.

मंडपवाले खुर्चीवर नाव का लिहितात? लग्नात दोघा-तिघांच्या खुर्च्या एकत्र आल्या तर अदलाबदल होऊ नये म्हणून. त्या रंगवलेल्या नावामुळेच ही खुर्ची कुठली, हे हजारो किलोमीटर लांब ओळखता आलं. नाव नसतं, तर ती चार लोखंडी पायांची एक जुनी वस्तू, इतकंच राहिलं असतं.

अँटिक आणि व्हिंटेज, फरक काय?

हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पण बाजारात साधारणपणे १०० वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून कमी वयाची, पण आपल्या काळाची ओळख सांगणारी वस्तू म्हणजे व्हिंटेज. म्हणजे पणजोबांची शिसवी खुर्ची अँटिक असू शकते, तर मंडपातली लोखंडी खुर्ची व्हिंटेज.

हा फरक कायद्यातही महत्त्वाचा आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती कोणालाही स्वतःहून परदेशी विकता किंवा पाठवता येत नाही. १०० वर्षांच्या आतल्या वस्तूला मात्र सहसा हे संरक्षण मिळत नाही.

आपल्याकडे खुर्ची रुळली कशी?

मराठी घरात बसायचं म्हणजे जमिनीवर. जेवायला पाट, पूजेला चौरंग, पाहुण्यांना घोंगडी किंवा सतरंजी, सावकाराला गादी आणि लोड. ‘खुर्ची’ हा शब्दसुद्धा अरबी-फारसीतून आलेला. दरबारात आणि मोठ्यांच्या घरात खुर्ची आधीही होती, पण ती सर्वदूर पोहोचली इंग्रजी अमदानीत. कचेरी आली, शाळा आली, टेबल आलं आणि त्यामागे खुर्ची आली. साहेब खुर्चीत आणि रयत उभी, म्हणून खुर्ची म्हणजे सत्ता हा अर्थ चिकटला. तो आजच्या राजकारणातही कायम आहे.

पण इथल्या उन्हात गुबगुबीत गादीची विलायती खुर्ची काय कामाची? म्हणून सागवान किंवा शिसवीची चौकट आणि बसायला, टेकायला वेताची जाळी अशी खुर्ची रुळली. वेतातून हवा खेळते आणि पाठीला घाम येत नाही. याच घराण्यातली आरामखुर्ची तर आजोबांच्या नावावरच असायची. तिचे हात इतके लांब की त्यावर पाय टाकून पडता येई.

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत आणखी एक प्रकार दिसतो. संगमरवरी टेबलाभोवतीची, गोल वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. या पद्धतीचा जनक मायकल थोनेट. त्याने लाकूड वाफेवर मऊ करून वाकवलं आणि १८५९ साली ‘१४ नंबर’ची खुर्ची बाजारात आणली. तिचे फक्त ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. आज ऑनलाइन मागवलेलं फर्निचर खोक्यातून येतं आणि आपण ते घरी जोडतो. त्या कल्पनेची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

पुढे लोखंडी खुर्च्या आल्या आणि त्यांच्यामागून प्लास्टिकच्या. साच्यातून दोनेक मिनिटांत निघणारी, एका हाताने उचलता येणारी, एकात एक रचता येणारी खुर्ची. मंडपवाल्याने जड लोखंड का सोडलं, हे वेगळं सांगायला नको. फक्त प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तुटला की ती दुरुस्त होत नाही. वेताची जाळी पुन्हा विणता येते, लोखंडाला वेल्डिंग करता येतं.

चंदीगडचा धडा

भंगारात काय जातं, हे चंदीगडला फार उशिरा कळलं. १९५० च्या दशकात हे शहर उभं राहताना ल कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे याच्या देखरेखीखाली सरकारी कार्यालयांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या बनवल्या गेल्या. उलट्या व्ही आकाराचे पाय ही त्यांची खूण. पुढे त्या जुन्या झाल्या, आवारात ढीग लागले आणि कवडीमोलाने लिलाव झाले. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि आज तिकडच्या लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळतात.

२०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखण्याचे आदेश दिले. पण वय १०० च्या आत असल्याने पुरावस्तूंचा कायदा इथे लागू होत नाही, आणि बाहेर गेलेल्या खुर्च्या परत आणणं अवघडच आहे.

घरातली खुर्ची कशी ओळखाल?

खुर्ची उलटी करा. खरी माहिती खालच्या बाजूला असते.

• स्क्रू बघा. एकाच सरळ खाचेचा स्क्रू जुना असू शकतो. अधिकच्या खुणेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. तो दिसला, तर खुर्ची त्यानंतरची आहे किंवा नंतर दुरुस्त झाली आहे.
• वेत बघा. हाताने विणलेला वेत चौकटीच्या एकेका भोकातून ओवलेला असतो. तयार जाळी मात्र खाचेत दाबून वरून पट्टी मारलेली असते.
• झीज बघा. हात टेकतात तिथे आणि पायांच्या तळाशी लाकूड जास्त झिजतं. सगळीकडे सारखीच झीज असेल, तर ती मुद्दाम केलेली असू शकते.
• नाव, नंबर, शिक्का किंवा रंगवलेली अक्षरं दिसतात का बघा आणि ती पुसू नका.

आणि हो, लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नका. जुना रंग खरवडला की खुर्चीचं वय सांगणारा पुरावाही जातो. ओल्या नाही, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. वाळवी लागली असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. वेत फाटला असेल तर विणकर शोधा, प्लायवूड ठोकू नका.

प्रत्येक जुनी खुर्ची लाखांची नसते, हेही खरं. बहुतेक खुर्च्यांना बाजारात फारसा भाव येणार नाही. पण ती कोणी बनवली, कोणत्या गावच्या सुताराने, कोणाच्या लग्नात आली, हे सांगणारी माणसं आज घरात आहेत. उद्या नसतील. सावळजच्या खुर्चीवर नाव होतं म्हणून तिची गोष्ट कळली. तुमच्या खुर्चीची गोष्ट आजीला विचारा, चार ओळींत लिहा आणि तो कागद बैठकीच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा.

मग भंगारवाल्याची हाक आलीच, तर आपण काय देतोय हे निदान माहीत असेल.

तुमच्या घरी आहे का अशी एखादी खुर्ची? तिची गोष्ट कमेंटमध्ये नक्की सांगा.