माळावरचे पाहुणे आणि आमचे आबा

गरुड पाहायला जायचे आहे, माणशी अडीचशे रुपये वर्गणी काढा, असे आम्ही वस्तीत सांगितले तेव्हा निम्मे लोक हसले. "साहेब, कचेरीत फायली पाहून डोळे दमले नाहीत का?" असे एकाने विचारले. तरीही डिसेंबरच्या एका रविवारी पहाटे साडेतीनला विहाराजवळ अकरा माणसे गोळा झाली. त्यात पाच मुले, तीन महिला, आम्ही दोघे कार्यकर्ते आणि अकरावे आबा. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना कोणी बोलावले नव्हते. नातवाबरोबर मफलर गुंडाळून आले आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. एका शिक्षक मित्राची दुर्बीण मागून आणली होती. भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बरोबर होती.

पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. भीमा नदीवर उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याचे पाणी इथपर्यंत पसरले. अनेक गावे पाण्याखाली गेली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्याच पाण्यावर आता हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टेरी राजहंस येतात आणि ते पाहायला पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. कुंभारगावची मासेमार मंडळी पूर्वी नुसते मासे धरायची, आता होडीतून पाहुण्यांना पक्षीही दाखवतात. आमच्या होडीवाल्या तरुणाला दीड-दोनशे पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ होती. शाळा किती शिकलास, असे विचारले तर म्हणाला, "आठवी." आम्ही बी. कॉम. असून आम्हांस त्यातली दहाही येत नव्हती.

पाण्यात रोवलेल्या एका वाळक्या खोडावर ऑस्प्रे बसला होता. हा फक्त मासे खाणारा शिकारी पक्षी. पाण्यावर घिरट्या घालतो आणि पाय पुढे करून झेप घेतो. आमच्या डोळ्यांदेखत त्याने हाताएवढी चिलापी उचलली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यावर होडीवाल्याने दम दिला. तांबड्या पाठीची, पांढऱ्या डोक्याची घारही दिसली. तिचे नाव ब्राह्मणी घार. पुढे ब्राह्मणी बदक दिसले, काठावर ब्राह्मणी मैना. "पाखरांतबी वर्ण हाय व्हय?" असे आबांनी विचारले आणि होडीवालाही हसला. नावे ठेवणारी माणसेच, पाखरांचा त्यात काय दोष?

परंतु खरे गरुड पाण्यावर नव्हे, माळावर. त्यासाठी इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीच्या माळावर गेलो. तिथे जाण्यास वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढून ठेवावी. हा माळ पाहून पहिल्यांदा निराशाच होते. गुडघाभर वाळके गवत, खुरट्या बाभळी, दगड. सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुधा 'पडीक' म्हणतात. मग कोणी तिथे झाडे लावून पुण्य मिळवतो, कोणी कारखान्यासाठी मागतो. वास्तविक चिंकारा, लांडगा आणि हे हिवाळी पाहुणे यांचे हेच घर आहे. माळावर घनदाट झाडे लावणे म्हणजे त्यांना घराबाहेर काढणे होय. वृक्षारोपणाचे कार्यक्रम आम्हीही हौसेने केले आहेत, म्हणून हे कबूल करून टाकतो.

गवतावरून हातभर उंचीने एक पक्षी तरंगत गेला. तो भोवत्या. नाकतोडे, उंदीर हे त्याचे खाणे, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदारच. थोड्या वेळाने वाटाड्याने हात वर केला. दूर ढेकळांत मातीच्याच रंगाचे काहीतरी बसले होते. दुर्बिणीतून पाहिले तर गरुड! इंग्रजीत याला स्टेप ईगल म्हणतात. मंगोलिया, कझाकस्तान, रशियाच्या गवताळ मुलखात तो अंडी घालतो आणि थंडीत हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतो. पंख पसरले की सहा फुटांहून जास्त. ओळखायची खूण म्हणजे त्याच्या तोंडाची पिवळी कड, ती पार डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते. एवढा मोठा पक्षी, पण इथे आला की वाळवी आणि उंदीरसुद्धा खातो. मेलेले जनावर मिळाले तर तेही सोडत नाही. त्या दिवशी धनगराचे एक मेंढरू मेले होते, त्याच्यावरच तो बसला होता. जगभरात हा गरुड २०१५ पासून संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

मुले आळीपाळीने दुर्बीण घेत होती. आबांनी एकदाच डोळ्याला लावली आणि परत दिली. म्हणाले, "एकच? गिधाडं कुठं गेली?"

वाटाडा म्हणाला, "बाबा, गिधाडं आता इकडं नाहीत."

आबा खाली दगडावर बसले. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही त्यांच्या शेजारी राहूनही कधी ऐकले नव्हते. "मी आठ-नऊ वर्सांचा असंल. गावात बैल मेला की माझ्या बापाला सांगावा यायचा. बाप आन् चुलता ढोर वढत गावाबाहेर न्यायचे. आमी पोरं मागनं. आमी पोचायच्या आधी वर गिधाडं आलेली. कातडं सोलंस्तवर ती कडंला बसायची, अशी पंगतीला बसल्यावानी. मला लई राग यायचा त्यांचा. वाटायचं, गाव आमालाबी ह्यांच्यातच मोजतंय."

महिला गप्प झाल्या. नातू आजोबांच्या तोंडाकडे पाहू लागला.

मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले होते. आबांच्या गावात ते काम सुटायला १९५६ उजाडावे लागले. धम्म घेतला आणि त्याच महिन्यात आबांच्या वडिलांनी दोर टाकला. गावाने धान्य देणे बंद केले. "एक वरीस लई वाईट गेलं. पण बाप पुन्हा त्या दोराला शिवला न्हाय."

मग गिधाडे कुठे गेली? हे आम्ही घरी वाचून आलो होतो, ते तिथेच सांगितले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातून एक उरली. कारण सापडले २००४ साली, शेजारच्या पाकिस्तानात. जनावराला वेदना कमी होण्यासाठी डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देतात. असे जनावर लगेच मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांत ते मान टाकते. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलीलिटरची केली. २०२३ मध्ये जनावरांसाठीचे किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही बंद झाले. हे गिधाडापुरते आहे असेही नाही. राजस्थानात मेलेल्या दोन स्टेप ईगलच्या शरीरातही डायक्लोफेनॅक सापडल्याचे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे समोर मेंढरावर बसलेला हा पाहुणाही त्याच धोक्यात.

गिधाडे गेल्यावर मढी कुजत पडली, मोकाट कुत्री वाढली, पाणी बिघडले. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब मांडला, की २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे जास्त मेली. आम्ही हिशेबातली माणसे, आकड्यांना सहसा घाबरत नाही, पण हा आकडा दोनदा वाचला. मढी टाकतात तो गावकुसाबाहेरचा भाग कोणाच्या वस्तीला लागून असतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमी ढोर वढायचं सोडलं, ती आमची अक्कल. गिधाडानं काय सोडलं नव्हतं. त्याला मारलं." आणि दुर्बीण पुन्हा मागून घेतली. या खेपेस बराच वेळ पाहत राहिले.

सगळीच गिधाडे संपलेली नाहीत. रायगड जिल्ह्यात चिरगावच्या लोकांनी ती राखली. गडचिरोलीत आणि नाशिककडे हरसूलजवळ खोरीपाड्याला औषध न टोचलेली मेलेली जनावरे त्यांच्यासाठी खास ठेवतात. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे ताडोबा आणि पेंचला आणली गेली. आपल्यापैकी ज्यांचे गावी भाऊबंद गुरे पाळतात त्यांनी एवढे करावे: डॉक्टरला मेलॉक्सिकॅम द्यायला सांगावे. ते गिधाडांना सोसते.

परतताना आबांच्या नातवाने खिशातून बेचकी काढून आमच्या हातात दिली. आम्ही काहीच बोललो नव्हतो. आम्ही ती परत दिली आणि म्हटले, डब्यावर नेम धर. नंतर वाटले, ठेवून घ्यायला हवी होती काय?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी याच मुलांनी वस्तीतल्या तारांवरचा, झाडांवरचा हाताला येईल तेवढा मांजा गोळा केला. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरी पिशवीभर निघाला. पिंपळावर एक घार त्यात अडकलेली होती. अग्निशमन दलाला फोन केला, त्यांनी शिडी लावून सोडवली. एक पंख फाटला होता. पक्ष्यांच्या दवाखान्यात पोचवली, दुसऱ्या दिवशी ती दगावल्याचे कळले. मुले त्या संध्याकाळी खेळायला आली नाहीत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा माळावर जायचे ठरले आहे. मार्चपासून गरुड परतीला लागतात. जीपमध्ये अकराच जागा आहेत, पैकी पुढची आबांनी आधीच धरून ठेवली आहे.