दर रविवारी पाच मिनिटं

सासऱ्यांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी रत्नागिरीच्या घरामागच्या शेडमध्ये असते. ते गेल्यावर आम्ही दोघं नोकरीपायी अडीच वर्षं बाहेर होतो. त्या काळात शेजारचे काका दर रविवारी पूजा आटोपली की किल्ली घेऊन यायचे. गाडी सुरू करायची, पाच मिनिटं घुरघुरू द्यायची, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बंद. फोनवर सांगायचे, "जावईबापू, काळजी नको. एका सेल्फात उठते!"

आम्ही परतलो तेव्हा ती खरोखरच एका सेल्फात उठली. पण ऑइल भरायचं झाकण काढलं, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ कॉफीच्या रंगाचा चिकट लेप. मिस्त्रींनी गाडीखाली सरकून सायलेन्सरवर पान्याने टकटक केलं, तर पत्र्याचा एक तुकडा त्यांच्या हातातच आला. "साहेब, ही बंद ठेवून नाही बिघडली," ते म्हणाले, "चालू करून बिघडली."

काकांना आम्ही हे कधीच सांगितलं नाही. पण मिस्त्रींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, त्याचं हे पाणी. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापलेले असले तर त्याची वाफ होऊन बाहेर जाते. पाच मिनिटांत मात्र सायलेन्सर पुरेसा तापत नाही. वाफ तिथेच गार होते आणि पाणी पुढच्या रविवारपर्यंत पत्रा खात बसतं. शिवाय गार इंजिनाला चोक ओढावा लागतो. चोकमुळे जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं. पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं ऑइल मग बेअरिंगवर फिरतं. तेव्हा महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळवणं जमत असेल तर उत्तम. जमणार नसेल, तर गाडीला रीतसर झोपवावं. मधला मार्ग नाही.

फियाट ११०० डिलाइट म्हणून १९६४ च्या सुमारास आलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. आपल्या कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची, साधीसुधी. ती टिकवण्याचे सल्ले मात्र आपण परदेशी पुस्तकांतून घेतो आणि तिथे सगळी भीती बर्फाची असते. आपला शत्रू ओलावा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं. कोकणात पावसाळाभर ती त्याच्या कितीतरी वर असते, वर खारी हवा.

म्हणून सुरुवात धुण्यापासून. वरून नव्हे, खालून. चाकांच्या कमानीतली माती, मीठ गोड्या पाण्याने काढून टाकायचं आणि गाडी दोन दिवस उन्हात वाळवायची. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजलेली असतातच, तारेने मोकळी करा. आमच्या डाव्या दरवाजातून वाटीभर काळं पाणी आलं होतं. क्रोमच्या बंपरला व्हॅसलिनचा पातळ हात. झाकायला सुती कापड. निळी ताडपत्री मुळीच नको, ती पाऊस अडवते पण आतली वाफही अडवते.

मग ऑइल बदलायचं, आणि तेही झोपवण्याआधी. "चालू करताना नवं घालू" हा हिशेब चुकीचा, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल साठलेलं असतं आणि ते वर्षभर बेअरिंगवर बसून राहतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवायचं, प्लग परत बसवायचे.

पेट्रोलच्या बाबतीत जुने लोक सांगत, टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही आणि दव धरत नाही. ते त्यांच्या पेट्रोलला लागू होतं. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोघं पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमकं जिथून इंजिन पेट्रोल ओढतं तिथे. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही त्याने फुगतो किंवा कडक होतो. माझा शिरस्ता असा : एका पावसाळ्यापुरतं असेल तर स्टॅबिलायझर घालून टाकी भरायची. वर्षाच्या वर असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही पूर्ण रिकामे करायचे आणि टाकीत आतून ऑइलचा हात फिरवायचा. रिकामी टाकी गंजू शकते, हे कबूल. पण टाकी बदलता येते. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये वाळून बसलेला पेट्रोलचा डिंक काढताना मिस्त्रींच्या तोंडून जे ऐकावं लागतं ते इथे छापता येणार नाही.

हँडब्रेक ओढू नका, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. ब्रेक ऑइलही पाणी शोषतं, ते नवं भरा. क्लच पॅडल लाकडाने दाबून ठेवावं की नाही, यावर दोन मिस्त्रींचं एकमत होत नाही. मी ठेवतो, कारण चिकटलेली क्लचप्लेट सोडवायला एकदा आख्खा दिवस गेला होता. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवता आली तर टायर वाचतात, नाहीतर हवा नेहमीपेक्षा दहा पौंड जास्त. बॅटरी काढून घरात ठेवायची. पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायची.

उरले उंदीर. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत जाळीचा बोळा, सीटखाली डांबराच्या गोळ्या. कुठे काय कोंबलं, हे चिठ्ठीवर लिहून ती स्टिअरिंगला बांधायची. हा भाग लोक हसण्यावारी नेतात आणि पुढच्या वर्षी बोळ्यासकट गाडी सुरू करतात.

कागदांकडेही बघा. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत झोपेत संपणार असेल तर आधीच वाढवून घ्या. ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली खासगी गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा मोजक्याच कामांसाठी रस्त्यावर काढता येते. भाजी आणायला नाही.

तुमचीही एखादी जुनी गाडी गावच्या घरी असेल आणि किल्ली कुणा भल्या माणसाकडे असेल, तर येत्या रविवारची वाट पाहू नका. त्यांना फोन करा आणि सांगा, पाच मिनिटांपुरती सुरू करू नका.