कुंपण, गाई आणि एक निळे फुलपाखरू

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतली निसर्गाची राखीव क्षेत्रे पाहायला गेलेला माणूस बहुधा बुचकळ्यात पडतो. अरण्य दिसेल म्हणून जावे, तर समोर चरणाऱ्या गाई, कापून ठेवलेल्या लव्हाळ्याचे भारे आणि बुंध्यापाशी छाटलेली झाडे. हे कसले संरक्षण, असे वाटणे साहजिक आहे. पण तिथे चराई आणि कापणी हेच संरक्षण आहे. ते थांबले की काय होते, याचा सर्वांत चांगला पुरावा लार्ज ब्लू या फुलपाखराचा आहे.

हे फुलपाखरू रानटी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी तीनेक आठवडे फुले खाते आणि मग जमिनीवर पडते. तिच्या वासाला फसून एका जातीची तांबडी मुंगी तिला आपलेच पिल्लू समजते आणि वारुळात नेते. तिथे ही पाहुणी सुमारे दहा महिने मुंग्यांच्याच अळ्या फस्त करत वाढते. फुलपाखरू कमी होऊ लागले तेव्हा दोष संग्राहकांच्या जाळ्यांना दिला गेला, काही जागांना कुंपणे घातली गेली, तरीही घट थांबली नाही. 1970च्या दशकात जेरेमी थॉमस या कीटकशास्त्रज्ञाने खरे कारण शोधले. त्या विशिष्ट मुंगीला ऊबदार जमीन लागते, आणि इंग्लंडच्या थंड हवेत ती ऊब आखूड चरलेल्या गवतातच मिळते. डोंगरउतारांवरची चराई कमी झाली होती. 1953मध्ये आलेल्या मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीने गवत खुरटे ठेवणारे ससेही बहुतेक संपवले होते. गवत वाढले, माती गारठली, ही मुंगी हटली आणि तिच्या जागी दुसऱ्या जातीच्या मुंग्या आल्या. त्यांच्या वारुळात अळ्या क्वचितच जगत. कारण कळले, पण उशिरा. 1979मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नाहीसे झाले. 1983पासून स्वीडनहून आणलेल्या वंशातून ते पुन्हा वसवण्यात आले, पण आधी उतारांवर जनावरे सोडून. सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर आज जूनमध्ये लोक ते पाहायला जातात.

यावर आक्षेप असा की हा निसर्ग नव्हे, बागकाम झाले. आक्षेप अगदीच पोकळ नाही, मात्र त्यात कधी काळच्या अस्पर्श इंग्लंडची कल्पना गृहीत धरलेली आहे. केंब्रिजशायरमधली विकेन फेन ही दलदल पाहा. नॅशनल ट्रस्ट या संवर्धन संस्थेने 1899मध्ये तिथली पहिली जमीन विकत घेतली. 1901मध्ये आणखी जमीन देणारे चार्ल्स रॉथ्सचाइल्ड हे पिसवांचे अभ्यासक. विकेनमधली लव्हाळे कापण्याची परंपरा मध्ययुगापासूनची. कापणी थांबली तिथे झुडुपांनी दलदल गिळायला सुरुवात केली. शिवाय भोवतालची जमीन शेतीसाठी कोरडी केल्याने आक्रसून खचली. केंब्रिजशायरमधल्याच होम फेनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जमिनीत पूर्ण गाडलेला खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. अशा प्रदेशात काही न करणे म्हणजे दलदल कोरडी पडू देणे.

ससेक्समधल्या नेप इस्टेटचे उदाहरण याविरुद्ध दिले जाते. तिथे 2001पासून शेती सोडून जमीन मोकळी ठेवली आणि नाइटिंगेल पक्षी वाढले. पण तिथेही गाई, घोडे व डुकरे मुद्दाम सोडलेली आहेत, आणि जनावरे किती ठेवायची हे माणूसच ठरवतो. मग कोणत्या शतकाचे निसर्गरूप राखायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर विज्ञान एकटे देत नाही. गवत वाढू दिले तर झुडुपांतल्या पक्ष्यांचा फायदा होईल आणि लार्ज ब्लूचा तोटा, एवढेच ते सांगू शकते. त्यातही मापे कायमची नाहीत. युरोपच्या अधिक ऊबदार भागांत हीच मुंगी उंच गवतातही राहते. त्यामुळे इंग्लंडची हवा तापत जाईल तसे कॉलर्ड हिलसारख्या उतारांवर गवत किती उंच ठेवायचे, गाई किती आणि कोणत्या महिन्यात सोडायच्या, हे हिशेब पुन्हा मांडावे लागतील.