भडकल दरवाजा औरंगजेबाचा नव्हे, आपल्या निजामशाहीचा

रेल्वेनं ‘बेलापूर’ला उतरलेला माणूस प्रत्यक्षात श्रीरामपुरात उभा असतो. स्टेशनच्या पाटीवर नाव आपलं, गाव दुसरं. नवख्या पाहुण्याची ही चूक आपण बेलापूरकर लगेच सुधारतो. पण आपणच वेरूळच्या सहलीला निघालो, की छत्रपती संभाजीनगरातला भडकल दरवाजा पाहून मुलांना सांगतो, “हा औरंगजेबानं बांधला.” ही चूक मला फार सलते, कारण त्या दरवाजाचा इतिहास आपल्या जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या अहमदनगरातून सुरू होतो.

भडकल दरवाजा 1612 सालचा. औरंगजेबाचा जन्म 1618 चा. दरवाजा उभा राहिला तेव्हा तो जन्मलाही नव्हता! हा दरवाजा उभारला मलिक अंबरनं, अहमदनगरच्या निजामशाहीच्या वजिरानं, आणि तोही मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून. ज्यांना हरवल्याची ती आठवण, त्यांच्याच नावावर आपण ती चढवली आहे.

गोंधळाचं कारण शहराचा तट. दरवाजा म्हटलं की तो तटातच असणार, आणि तट औरंगजेबाचा, म्हणून दरवाजाही त्याचा, असा सरळ हिशेब लोक मांडतात. तट औरंगजेबाच्याच काळचा, हे खरं. मराठ्यांच्या धास्तीनं तो 1682 मध्ये उभारला गेला. म्हणजे दरवाजा आधी आणि तट त्यानंतर 70 वर्षांनी. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा वगैरे मोगलांच्या काळातले. भडकल त्यांच्यातला नाही. शहराला ‘बावन्न दरवाजांचं शहर’ म्हणतात, पण आज त्याच्या निम्मेही दरवाजे उभे नाहीत, हेही जाता जाता सांगायला हवं.

शहरही औरंगजेबानं वसवलं असा दुसरा समज आहे. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा निजामशाही संपली असं त्यांना वाटलं. मलिक अंबरनं दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि परांडा, जुन्नर, दौलताबाद असा कारभार फिरवत राज्य टिकवलं. 1610 मध्ये त्यानं खडकी या गावी नवी राजधानी वसवली, तीच या शहराची सुरुवात. (पुण्याजवळची खडकी वेगळी.) मोगली फौजांनी ती जाळली, लुटली, तरी ती पुन्हा उभी राहिली. अंबरच्या मागे त्याचा मुलगा फत्तेखान यानं तिला फत्तेनगर म्हटलं आणि 1653 मध्ये औरंगजेबानं स्वतःचं नाव दिलं. नाव देणं आणि गाव वसवणं यांत फरक आहे.

आता प्रश्न राहतो स्थपतीचा. भडकल दरवाजाचा ‘शिल्पकार’ मलिक अंबर, असं सर्रास लिहिलं जातं. तो बांधवून घेणारा होता. दगड घडवणाऱ्या, कमानी तोलणाऱ्या कारागिरांची नावं इतिहासानं जपली नाहीत. त्याच शहरातल्या बीबी का मकबऱ्याचं भाग्य मोठं. त्याच्या प्रवेशद्वारावरच अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत. म्हणून भडकलपुढे मुलांना सांगताना ‘मलिक अंबरनं बांधवला’ असं म्हणावं, ते जास्त खरं.

मात्र अंबरला नुसता लढवय्या समजणंही चूकच. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याची योजना. पाणचक्कीही त्याचीच असं काहीजण समजतात, पण ती 18व्या शतकातली, आणि तिची नहरही वेगळी. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची ‘मलिकंबरी’ पद्धत मराठी मुलखात पुढेही नावाजली गेली. इथिओपियात सुमारे 1548 मध्ये जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा अहमदनगरला चंगेजखान या निजामशाही पेशव्याकडे आला, आणि इथेच राज्यकारभार शिकला. 1624 मध्ये, पंचाहत्तरीच्या वयात, त्यानं आपल्याच जिल्ह्यातल्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. अंबरला परका म्हणणाऱ्यांनी भातवडीचं रणांगण एकदा पाहून यावं.



शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. यंदाची सहल नेवासामार्गे वेरूळला न्याल, तेव्हा भडकलपाशी गाडी थांबवा आणि मुलांना 1612 हे साल सांगा. पुढे खुलदाबादला मलिक अंबरची कबर आहे. तिथेही दहा मिनिटं थांबा.