काट्याच्या वाटेवरील दुचाकी : टायरमधील सीलंटचा उपयोग आणि मर्यादा

ग्रामीण महाराष्ट्रातील लोकोपयोगी कामांचा मोठा भार आज मोटारसायकलच्या दोन चाकांवर आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. तालुक्याच्या गावाहून वाडीवरील शाळेत दररोज जाणारे शिक्षक, ग्रामपंचायतीचा आणि महसुलाचा कारभार पाहणारे कर्मचारी, लसीकरणाच्या दिवशी शीतपेटी घेऊन निघालेली आरोग्यसेविका, पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणारा शेतकरी या सर्वांना वेळेवर पोहोचण्यासाठी दुचाकीचाच आधार असतो. बाभूळ, वेडी बाभूळ आणि बोर यांचे काटे, कुंपणाची छाटणी झाल्यावर रस्त्यावर पडलेल्या फांद्या, बैलांच्या पत्रीचे निसटलेले खिळे आणि बांधकामाच्या जागी सांडलेल्या तारा यांमुळे हा आधार वाटेतच कोलमडतो. शहरात पंक्चर होणे ही अर्ध्या तासाची गैरसोय असते. माळरानावर, दुकानापासून आठ-दहा किलोमीटर अंतरावर तीच गोष्ट घडल्यास शाळेचा वर्ग शिक्षकाविना राहतो, शीतपेटीतील बर्फ वितळू लागतो आणि सायंकाळच्या वेळी एकट्या प्रवाशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहतो.

या अडचणीवर उपाय म्हणून टायरमध्ये घालावयाचा द्रव सीलंट अलीकडच्या काळात गावोगावच्या दुकानांतून विकला जाऊ लागला आहे. बोलीभाषेत त्यास ‘पंक्चर लिक्विड’ किंवा ‘जेल’ असे म्हणतात. हा द्रव घातला की पंक्चरची चिंता कायमची मिटली, असा समज काही ठिकाणी आढळतो. तर या द्रवाने टायर आणि रिंग खराब होते, असे अन्यत्र सांगितले जाते. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश असला तरी दोन्ही अपुऱ्या आहेत. हा द्रव कसे कार्य करतो, कोठे उपयोगी पडतो आणि कोठे त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते, हे वाहनधारकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

जादा चाक नसलेले वाहन

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली पेटंटद्वारे मांडली होती. परंतु तिचा प्रसार झाला तो बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी असे टायर तयार केल्यानंतर. हवेच्या गादीमुळे प्रवास सुखकर झाला, त्याचबरोबर पंक्चरचा प्रश्नही निर्माण झाला.

१९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरला जादा चाक, म्हणजेच स्टेपनी असे. पुढील, मागील आणि जादा चाक एकाच मापाचे असल्याने रस्त्याच्या कडेला थोड्या वेळात चाक बदलून पुढे जाता येई. मोटारसायकलची रचना निराळी आहे. तिची दोन्ही चाके बहुधा वेगवेगळ्या मापांची असतात, मागील चाकाला साखळी जोडलेली असते आणि जादा चाक ठेवण्यास जागाच नसते. म्हणून वाटेत पंक्चर झाल्यास गाडी ढकलत नेणे किंवा दुरुस्ती करणाऱ्यास बोलावणे एवढेच मार्ग उरतात. सीलंटचे महत्त्व आहे ते याच ठिकाणी.

छिद्र कसे बुजते?

बाजारात मिळणारे सीलंट ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पाणी आणि ग्लायकॉल यांच्या घट्टसर मिश्रणात बारीक तंतू, रबराचे कण आणि धातूला गंज चढू नये म्हणून घातलेली द्रव्ये असतात. ग्लायकॉलमुळे पाणी लवकर आटत नाही. दुसऱ्या प्रकारात रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स हा मुख्य घटक असतो; छिद्रापाशी तो साकळून रबरासारखा घट्ट होतो.

चाक फिरू लागले की आतील द्रव बाहेरच्या बाजूस फेकला जातो आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या आतील अंगावर त्याचा थर पसरतो. काटा किंवा खिळा निघताच आतील हवा छिद्रातून वेगाने बाहेर पडू लागते व जाताना द्रव आपल्याबरोबर ओढून नेते. द्रवातील तंतू छिद्रात अडकतात, त्यांच्यावर बारीक कण साचतात आणि थोड्याच वेळात वाट बंद होते. पाटाच्या जाळीत आधी काटक्या अडकाव्यात, मग त्यांवर पालापाचोळा आणि गाळ साचून पाणी तुंबावे, तसाच हा प्रकार आहे. छिद्र बुजेपर्यंत काही हवा निघून जाते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. छिद्र बुजले तरी हवेचा दाब पूर्ववत झालेला नसतो.

ट्यूब आणि ट्यूबलेस यांतील फरक

एकच सीलंट दोन गाड्यांत सारखेच काम करीत नाही, याचे कारण टायरच्या प्रकारात आहे. टायरच्या बाजूवर ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूब टाइप’ असे शब्द उमटविलेले असतात. ते आधी पाहून घ्यावेत. स्पोकच्या रिंगला तारा बसविण्यासाठी छिद्रे असल्याने तीत सामान्यतः ट्यूब घालावी लागते. अलॉय रिंग अखंड असल्याने तिच्यावर ट्यूबलेस टायर बसू शकतो.

ट्यूबलेस टायरचे रबर जाड असते. खिळा घुसला तरी ते रबर त्याला घट्ट धरून ठेवते आणि हवा हळूहळू निघते. छिद्राची लांबी अधिक असल्याने द्रवातील तंतूंना अडकण्यास जागा मिळते. ट्यूब याच्या उलट असते. तिचे रबर पातळ आणि फुगल्यामुळे ताणलेले असते. काटा लागताच छिद्र ताणामुळे उघडते, आणि काटा तसाच राहिला तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर तो हलून छिद्राची चीर होते. बाहेर पडलेली हवा स्पोकच्या छिद्रांतून झपाट्याने निघून जाते. म्हणून सीलंट ट्यूबलेस टायरमध्ये चांगले काम करते, तर ट्यूबमध्ये बाभळीच्या काट्यासारख्या लहान छिद्रापुरतेच ते विश्वासार्ह असते. ट्यूबसाठी खास तयार केलेले सीलंटही मिळते. डब्यावर तसा उल्लेख आहे किंवा नाही हे पाहूनच खरेदी करावी.

द्रव घालण्याची रीत

सीलंट घालण्यापूर्वी टायर तपासून त्यातील खिळे, काचा व काटे काढून टाकावेत. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून चाक असे फिरवावे की व्हॉल्व्ह अगदी खाली न राहता बाजूला येईल. त्यानंतर व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा सोडावी. डबा चांगला हलवून, नळीच्या साहाय्याने, सांगितलेल्या मापाइतकाच द्रव आत सोडावा. मोटारसायकलच्या एका टायरला साधारणतः २०० ते ३५० मिलिलिटर द्रव पुरतो. नेमके माप टायरच्या रुंदीवर अवलंबून असते व ते डब्यावर दिलेले असते. अधिक घातल्याने संरक्षण वाढत नाही, उलट चाकाचा तोल बिघडतो. पिन पुसून बसवावी, गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि लगेच काही किलोमीटर मध्यम वेगाने गाडी चालवावी, म्हणजे द्रव सर्वत्र सारखा पसरतो. गाडी बराच काळ उभी राहिल्यास द्रव तळाशी जमतो. अशा वेळी सुरुवातीस किंचित थरथर जाणवते व थोडे अंतर गेल्यावर ती थांबते.

दोन निरनिराळ्या कंपन्यांचे द्रव एकत्र करू नयेत. गंजरोधक द्रव्य नसलेला किंवा अमोनियाचे प्रमाण अधिक असलेला द्रव ॲल्युमिनियमच्या रिंगला अपायकारक ठरू शकतो. काही द्रवांत एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोडसर परंतु अत्यंत विषारी असल्याने डबा मुलांच्या हाती लागणार नाही, सांडलेला द्रव जनावरे चाटणार नाहीत आणि टायर धुतलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

जेथे हा उपाय चालत नाही

सीलंट केवळ रस्त्याला टेकणाऱ्या भागातील लहान छिद्रे बुजविते. टायरची बाजूची भिंत चालताना सतत वाकत असते. तेथे पडलेली चीर द्रवाने टिकाऊपणे बुजत नाही व असा टायर बदलणे हाच एक मार्ग असतो. दगडावर आदळून वाकलेली रिंग, सैल व्हॉल्व्ह, मोठी फट किंवा कालबाह्य टायर यांवरही सीलंट हा उपाय नव्हे. द्रवाचे आयुष्यही मर्यादित असते. आपल्याकडील उन्हाळ्यात तो हळूहळू आटतो; त्यामुळे उत्पादकाने सांगितलेली मुदत संपली की तो काढून टाकावा आणि टायर स्वच्छ करून नवा भरावा.

खरा धोका निर्माण होतो तो खोट्या निर्धास्तपणातून. छिद्र आपोआप बुजत असल्याने स्वार टायरकडे पाहणेच सोडून देतो. घुसलेला खिळा तसाच राहतो, त्या वाटेने पाणी आणि माती टायरच्या आतील धाग्यांच्या थरापर्यंत जाते. दाब थोडा थोडा उतरत राहतो. कमी हवेवर धावणाऱ्या टायरच्या बाजू अधिक वाकतात, तापतात आणि कमकुवत होतात. ट्यूब असलेल्या चाकात हवा कमी झाली की टायर रिंगवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळाशी फाटण्याचा संभव असतो. मागे माणूस बसलेला असताना किंवा दुधाचे कॅन लादलेले असताना मागील टायर एकाएकी बसला, तर गाडी सावरणे अनुभवी स्वारालाही कठीण जाते.

पंक्चर दुरुस्ती आणि सीलंट

अनेक पंक्चरवाले सीलंटच्या नावाने नाक मुरडतात. त्यांची अडचण खरी आहे. ट्यूब उघडली की चिकट द्रव हाताला लागतो, आणि ओल्या पृष्ठभागावर सोल्युशन व पॅच धरत नाही. ग्लायकॉलचा द्रव पाण्याने धुता येतो. लॅटेक्सचा साका मात्र सोलून काढावा लागतो. म्हणून टायरमध्ये सीलंट असल्याचे कारागिरास आधीच सांगावे. जागा धुऊन, पूर्ण वाळवून व घासून घेतल्यास पॅच नीट बसतो. दाबयुक्त डब्यांतून फवारल्या जाणाऱ्या काही सीलंटमध्ये ज्वलनशील वायू असतो. अशा चाकाची रिंग टायर न काढता वेल्डिंगला देणे जिवावर बेतू शकते.

वाटेत काटा घुसल्याचे आढळल्यास सीलंट असलेल्या चाकातील काटा काढून, छिद्र खाली येईल असे चाक फिरवावे व गळती थांबेपर्यंत वाट पाहावी. नंतर हातपंपाने हवा भरून सावकाश पुढे जावे आणि पहिल्या दुकानात टायर दाखवावा. सीलंट नसलेल्या ट्यूबलेस टायरमधील खिळा मात्र दुकान गाठेपर्यंत उपटू नये, कारण तोच हवा अडवून धरीत असतो.

गावपातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी

पंक्चरच्या प्रश्नाचा मोठा भाग टायरच्या बाहेर, रस्त्यावर आहे. कुंपणाची छाटणी झाल्यावर काटेरी फांद्या त्याच दिवशी उचलल्या जाव्यात, असा दंडक ग्रामसभेच्या संमतीने घालणे ग्रामपंचायतीस अवघड नाही. शाळा, उपकेंद्र आणि दूध संकलन केंद्र यांकडे जाणाऱ्या वाटा या दृष्टीने प्रथम पाहाव्यात. ग्रामपंचायत कार्यालयात पायाने मारण्याचा एक पंप आणि हवेचा दाब मोजण्याचे एक मापक ठेवल्यास त्याचा उपयोग सर्वांनाच होईल. यास खर्च अल्प आहे.

शिक्षकांना हा विषय वर्गातही नेता येईल. हवेचा दाब, फिरत्या चाकातील द्रवाचे बाहेर फेकले जाणे, गाळण्याची क्रिया आणि धातूचे गंजणे या चारही गोष्टी शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलवरून समजावून देता येतात.

वाहनधारकांनी आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, दोन्ही चाकांतील दाब मोजावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नक्षी त्यापूर्वीच बरीच झिजली असल्यास पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलणे हिताचे आहे. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. त्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवितात. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. जुना टायर नवा म्हणून माथी मारला जाऊ नये, यासाठी ही खूण उपयोगी पडते.

सीलंट हा प्रथमोपचार आहे. जखमेवर बांधलेली पट्टी रक्तस्राव थांबविते, परंतु त्यामुळे दवाखान्यात जाण्याचे टळत नाही. काट्यांच्या वाटेवर एकट्याने जाणाऱ्या आरोग्यसेविकेस किंवा शिक्षकास हा प्रथमोपचार मुक्कामी सुखरूप पोहोचवू शकेल, आणि तेवढ्यासाठी त्यावर होणारा खर्च योग्यच आहे. मुक्कामी पोहोचल्यावर खाली वाकून टायर पाहण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.