दांतांचा डॉक्टर कसा तयार होतो?

दांताच्या दुखण्याची एक खोड आहे. तें रात्रीं वाढतें आणि माणसाला सकाळपर्यंत दम धरूं देत नाहीं. अशा वेळीं जो लवकर दांत उपटून देईल तोच मोठा वैद्य वाटतो. आठवड्याच्या बाजारांत पक्कड व कवळ्या मांडून बसणाऱ्याचा धंदा याच उतावीळपणावर चालत आला. परंतु न उकळलेल्या एकाच पकडीनें एकाचें रक्त दुसऱ्याच्या तोंडांत जातें, व त्याबरोबर यकृताला ग्रासणारी कावीळही जाऊं शकते. म्हणून आपलें तोंड कोणापुढें उघडावयाचें, हें प्रत्येक घरानें ठरविलें पाहिजे.

हिंदुस्थानांत या प्रश्नाला कायद्याचें उत्तर उशिरां मिळालें. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. संबंध देशासाठीं दंतवैद्य कायदा मात्र १९४८ सालीं झाला. त्यानें नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागांत मान्य पदवी असलेले. 'ब' भागांत पदवी नसतांही निदान पांच वर्षें याच धंद्यावर पोट भरीत आलेले. जुन्यांच्या तोंडचा घास काढावयाचा नाहीं, पण पुढें शिक्षणावांचून कोणास येऊं द्यावयाचें नाहीं, असा हा मध्यम मार्ग होता.

आज जळगांवच्या मुलास दंतवैद्य व्हावयाचें तर बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन 'नीट' ही अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. जवळच धुळ्यास अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक दंत महाविद्यालय आहे; पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाची मिळते. अभ्यास चार वर्षांचा. आरंभीं शरीररचना, औषधें व रोगजंतु शिकावयाचे, मेणाचे दांत कोरावयाचे, कृत्रिम जबड्यावर हात बसवावयाचा. पुढें शिक्षकांच्या नजरेखालीं रोगी तपासावयाचे. त्यानंतर एक वर्ष निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष उमेदवारी.

तरीही पदवी म्हणजे परवाना नव्हे. पदवी विद्येची साक्ष देते. धंद्याची मोकळीक नोंदणीनें मिळते. ती मुंबईच्या महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे करावी लागते. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. परवान्यापूर्वीं देशभर एकच अंतिम परीक्षा घेण्याची तरतूद त्यांत आहे.

एका दांतासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. पण दंतवैद्य केवळ दांत पाहत नाहीं. दांत काढण्यापूर्वीं तो मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणारें औषध चालू आहे काय, हें विचारतो. तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्या व्यसनानें गालांत आलेला पांढरा चट्टा, अगर दिवसेंदिवस कमी उघडणारें तोंड, ही पुढील कर्करोगाची पूर्वसूचना असूं शकते. शिकलेला डोळा ती ओळखतो. न शिकलेला हात दांत तेवढा काढतो, रोग्यास तात्पुरतें बरें वाटतें आणि मोलाचे महिने निघून जातात.

जळगांवास सोनें घेतांना गिऱ्हाईक कस पाहतें, आणि त्याचा सराफास राग येत नाहीं. तसाच दंतवैद्यास नोंदणीचा क्रमांक विचारावा. त्यांत त्याचा अपमान नाहीं. रीतसर शिकून आलेल्यास तो सांगण्यांत समाधानच वाटेल.